सायन्सला गेली, म्हणून बाकी सगळं सोडायचं का?

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, शेजारणींनी मार्क विचारून झाले, की घरोघरी एकच विषय सुरू होतो: फॉर्म कुठला भरायचा? हल्ली हा फॉर्म मोबाईलवर भरतात, पण त्यावरून घरात होणारी चर्चा मात्र आपल्या वेळचीच आहे. ज्याला मार्क जास्त त्याने सायन्सला जायचं, त्याखालच्यांनी कॉमर्सला आणि उरलेल्यांनी आर्ट्सला. तापवलेल्या दुधावरची साय काढून घ्यावी, तशी मुलं वेगळी काढायची.

या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं पत्र याच विषयावरचं आहे. ताई लिहितात, मुलीला दहावीला ९१ टक्के मिळाले. डॉक्टर व्हायचं हा तिचाच हट्ट आहे. लातूरला क्लास लावायचं ठरलंय. अकरावीला मराठी ठेवायचं की त्याऐवजी आय.टी. घ्यायचं, एवढाच प्रश्न उरला होता. यजमान आणि दीर म्हणाले, मराठीत कसला वेळ घालवायचा, आय.टी. घे, मार्क पडतात. मग त्याच ओघात पेटीचा क्लासही बंद करायचं ठरलं आणि वाचनालयाची वर्गणीही. पुढे ताईंनी लिहिलंय, ‘मला हे काही पटलं नाही. पण मी नुसती बी.ए., तीही इतिहास घेऊन. माझं कोण ऐकणार? चहा करून आणला आणि गप्प बसले.’

ताई, तुमचा प्रश्न आय.टी.चा आहे खरा, पण दुखणं त्या ‘नुसती’ शब्दात आहे. अशा ‘नुसत्या बी.ए.’ आपल्यात पुष्कळ आहेत. तेव्हा आधी त्या शब्दाकडे बघू, मग फॉर्मकडे.

‘नुसती बी.ए.’ म्हणजे काय?

सी. व्ही. रामन यांना १९३० साली पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं, हे आपण शाळेत घोकलं. पण त्यांची पहिली पदवी कोणती, हे कुणी सांगितलं नाही. ती होती बी.ए.! मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली ते पदार्थविज्ञान घेऊन बी.ए. झाले, आणि १९०७ साली एम.ए. आपले लोकमान्य टिळकही बी.ए. झाले ते गणित घेऊन. तेव्हा बी.ए. म्हणजे शिकलेला माणूस. भाषा आणि गणित एकाच छपराखाली नांदत होती. शाखाशाखांमधल्या भिंती उंच झाल्या त्या नंतर.

आपल्यावर कोणत्या पुस्तकांचा खोल परिणाम झाला, हे रामन यांनीच सांगून ठेवलंय. पुस्तकं तीन. एक एडविन अर्नोल्डचं बुद्धचरित्रावरचं काव्य ‘द लाइट ऑफ एशिया’, दुसरं युक्लिडची भूमिती, आणि तिसरं हेल्महोल्ट्झचं ध्वनी आणि संगीत यांवरचं. एक काव्य, एक गणित आणि एक सुरांचं शास्त्र! एखाद्या क्लासच्या सरांनी ही यादी पाहिली असती, तर तिच्यातलं निम्मं ‘सिलॅबसबाहेरचं’ म्हणून काढून टाकलं असतं.

यातून निघालं काय, तेही बघा. मुलीच्या पेटीच्या क्लासात तबला असेलच. त्याच्या पुडीवर मधोमध काळी शाई असते. साध्या ढोलावर थाप मारली की आवाज होतो, पण त्यात नेमका सूर सापडत नाही, कारण त्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळणारे नसतात. तबल्या-मृदंगाला मधे शाईचं वजन दिल्याने तेच स्वर जुळून येतात आणि वाद्य बोलायला लागतं. आपल्या कारागिरांना हे कानाने ठाऊक होतं. रामन यांनी ते शास्त्राच्या भाषेत मांडलं आणि १९२० साली परदेशातल्या नामांकित विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. ज्याला गाण्यावाजवण्याची गोडीच नाही, त्याला हा प्रश्न सुचला तरी असता का?

दुसरं उदाहरण आपल्या गोमंतकातलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. मुलगा हार्वर्डला शिकला. तिथल्या नामवंत गणितज्ञाने सुचवलं, की गणितावरच लक्ष दे. याने मात्र गणिताबरोबर इतर कितीतरी विषय घेतले, भाषा शिकला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो गणिताचा प्राध्यापक झाला. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात इतिहास, संस्कृत, जुनी नाणी!

या नाण्यांचं काम तर प्रत्येक गृहिणीला चटकन कळेल असं आहे. आजेसासूबाईंच्या वेळचं तांब्याचं पातेलं आणि आपण लग्नात आणलेलं पातेलं शेजारी ठेवून पाहा. घासून घासून जुनं पातेलं पातळ होतं, हलकं होतं. नाण्यांचंही तेच. हजारो वर्षांपूर्वीची चांदीची नाणी हातोहाती फिरून झिजतात. जी जास्त वर्षं फिरली ती जास्त झिजली. कोसंबींनी अशी हजारो नाणी काट्यावर तोलली, संख्याशास्त्राने हिशेब मांडला आणि त्यावरून त्या नाण्यांचा आगेमागेचा क्रम लावायची रीत दाखवली. नुसत्या इतिहासकाराला ते गणित जमलं नसतं, नि नुसत्या गणितज्ञाला त्या नाण्यांत काही दिसलं नसतं.

आईकडून आलेली शिदोरी

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा, पण लहानपण गेलं बनारसमध्ये. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे घरात एकीकडे गणित आणि दुसरीकडे संस्कृत. भोवती सगळी हिंदी असूनही मराठी सुटली नाही. केंब्रिजला जाऊन त्यांनी विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास केला, आणि तरीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी मराठीत गोष्ट लिहिली, ‘कृष्णविवर’. आपल्या नावामुळे बक्षीस मिळायला नको, म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ असं टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती गोष्ट पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालंच! पुढे २०१४ साली त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद.

त्यांच्या पत्नी मंगलाताई स्वतः गणितज्ञ. मुलांसाठी त्यांनी मराठीत ‘गणितगप्पा’ लिहिल्या. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्त्याण्णव’च्या जोडीला ‘नव्वद सात’ असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष तेव्हा मंगलाताईच होत्या. ती पद्धत तुम्हाला पटली असो वा नसो, एक गोष्ट लक्षात घ्या. लहान मूल गणितात अडखळतं ते पुष्कळदा आकड्यात नव्हे, शब्दात. हे ओळखायला गणिताच्या बाईंना भाषेचाच विचार करावा लागला.

चुलीची गोष्ट

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठी माणसं. आमच्या मुलीला काही नोबेल मिळवायचं नाही, साधी डॉक्टर व्हायचंय. ठीक आहे. मग आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट घेऊ.

१९८० च्या दशकात सरकारने देशभर निर्धूर चुलींची योजना राबवली. हेतू फार चांगला होता. धुराने बायकांचे डोळे नि फुप्फुसं खराब होतात, सरपण फार लागतं, म्हणून बंद तोंडाची, धुराडं असलेली चूल. शास्त्राच्या दृष्टीने रचना बरोबर. पुढच्या काळात अशा कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. पण पुष्कळ ठिकाणी त्या काही वर्षांतच बंद पडल्या, आणि बायका पुन्हा जुन्या तीन दगडांकडे वळल्या. का? कुठे घरातलं भांडं त्या तोंडावर नीट बसत नव्हतं. कुठे स्वयंपाकाला वेळ जास्त लागत होता. कुठे धुराडं काजळीने तुंबलं आणि ते साफ कसं करायचं, हे कुणी सांगितलंच नाही.

आपल्याकडच्या बाईने पहिला प्रश्न विचारला असता तो भाकरीचा. तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्याला उभी करून फुगवायची असते, ती कुठे उभी करायची? हा प्रश्न उष्णतेच्या पुस्तकात नसतो. तो कळायला कुणीतरी त्या बाईशेजारी बसायला हवं, तिचं बोलणं ऐकायला हवं, ती असं का करते हे समजून घ्यायला हवं. माणसांच्या चालीरीती, त्यांची भाषा, त्यांचा इतिहास, त्यांच्या घरातला पैशाचा व्यवहार हे सगळं ज्या विषयांत शिकवतात, त्यांना आपण ‘आर्ट्स’ म्हणून नाक मुरडतो. चांगलं यंत्र करायला शास्त्र लागतंच. पण ते यंत्र माणसाच्या घरात नांदायला हे दुसरं शिक्षण लागतं.

डॉक्टरांचंही तसंच. एखाद्या आजींना सांगितलं, ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय,’ तर त्या हात जोडून म्हणतात, ‘देव पावला!’ आणि ‘निगेटिव्ह’ म्हटलं की घाबऱ्याघुबऱ्या होतात. चूक आजींची नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून, बरं वाटलं तरी औषध का सोडायचं नाही, गाठ आहे म्हणजे कॅन्सरच असं नाही, हे त्या आजींच्या भाषेत, न घाबरवता सांगता येणं हा वैद्यकीचाच भाग आहे. औषध अचूक लिहून दिलं, पण ते कसं घ्यायचं हे पेशंटला कळलंच नाही, तर काय उपयोग?

हे आता त्यांनाही उमगलंय

हे काही मी एकटीच म्हणत नाही. मोठमोठ्या संस्थांनी हे कधीच ओळखलंय. अमेरिकेतली एम.आय.टी. (पुण्याची नव्हे हं!) म्हणजे इंजिनिअरांची पंढरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे एक समिती नेमली गेली. यंत्रांचे प्रश्न आणि माणसांचे प्रश्न आता वेगळे काढता येत नाहीत, हे तिने १९४९ साली मांडलं, आणि १९५० साली त्या संस्थेत मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. आजही तिथे पदवी घ्यायची तर साहित्य, इतिहास, संगीत, अर्थशास्त्र अशांतले आठ विषय पुरे करावेच लागतात. मुंबईच्या आय.आय.टी.तही मानव्यविद्यांचा विभाग आहे, आणि इंजिनिअर होणाऱ्या मुलांना तिथले विषय घ्यावे लागतात.

आपल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात २०१९ पासून रुग्णाशी कसं वागायचं, नीतीने निर्णय कसा घ्यायचा, संवाद कसा साधायचा, हे रीतसर शिकवायची तरतूद झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यात ताठ भिंती नकोत, असं स्पष्ट म्हटलंय. त्यानुसार पदवीच्या मुलांना आता आपल्या शाखेबाहेरचेही काही विषय घ्यावे लागतात.

गंमत बघा. वरच्या वर्गात गेल्यावर जे शिकवायची सोय करावी लागते, ते आपण खालच्या वर्गात ‘वेळ वाया जातो’ म्हणून बंद करतो. मुलाने पाचवी ते दहावी जे मिळवलं, ते अकरावीत बाहेर टाकायचं आणि एम.बी.बी.एस.ला पुन्हा आत घ्यायचं!

पण मार्कांचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. क्लासची फी भरायला कुणी दागिने मोडतं, कुणी कर्ज काढतं. त्या आईला कुणी ‘मुलीला कविता वाचू द्या’ म्हटलं, तर तिला राग येणारच. अकरावी-बारावीची दोन वर्षं घाईची असतात, रोजचे तास मोजून वापरावे लागतात, हे मान्य आहे. म्हणून हवेतल्या गोष्टी सोडून हिशेबाचंच बोलू.

‘आय.टी.ला मार्क पडतात’ हे कारण घ्या. मेडिकलचा प्रवेश मिळतो तो ‘नीट’ परीक्षेच्या मार्कांवर. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्रात ठरलेली किमान टक्केवारी लागते, इंग्रजीत पास व्हावं लागतं, आणि तेवढं झालं की बाकी सगळं नीटवर. तेव्हा आय.टी.त पाच-दहा मार्क जास्त पडले, तरी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीची रांग त्याने एका नंबरानेही पुढे सरकत नाही. हे घरात शांतपणे सांगा. पुष्कळदा कुणी हे तपासूनच पाहिलेलं नसतं.

दुसरा हिशेब वाचनाचा. २०२५ पासून नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटात आधी प्रश्न वाचायचा, त्यातलं ‘नाही’, ‘वगळता’, ‘फक्त’ हे नेमकं टिपायचं, आणि मग उत्तर. मुलं घरी येऊन म्हणतात ना, ‘येत होतं गं आई, प्रश्नच चुकीचा वाचला’? ती चूक विज्ञानाची नसते, वाचनाची असते. ज्या मुलाला लांबलचक मजकूर वाचायची सवय आहे, त्याला इथे त्याचा फायदाच होतो.

घरी काय करता येईल?

आता फॉर्मपासून सुरुवात करू. आय.टी. हा काही वाईट विषय नाही. ज्या मुलाला संगणकाची खरीच आवड आहे, त्याने तो जरूर घ्यावा. कसोटी एवढीच: आपलं मूल पाठ्यपुस्तकाबाहेर काही वाचतं का? वाचत असेल, तर मराठी विषय सुटला तरी भाषा सुटणार नाही. वाचत नसेल, तर त्या पाठ्यपुस्तकाइतकाच त्याचा भाषेशी संबंध उरलेला असतो, तो तोडू नका. आणि बायफोकल विषय घेताना दुसरी भाषा अजिबात सुटते, हे फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात विचारून घ्या. पुष्कळांना हे प्रवेश झाल्यावर कळतं.

मूल घरीच राहणार असेल, तर रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं वर्तमानपत्रातला एक लेख मोठ्याने वाचायला सांगा. बातमी नव्हे, लेख. तुम्ही भांडी आवरता आवरता ऐका आणि एकच प्रश्न विचारा, ‘याचं म्हणणं काय आहे?’ चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून तीनदा.

शिकलेला धडा आजीला समजावून सांगायला लावा. रक्तातली साखर वाढते म्हणजे काय होतं, वीज पडते तेव्हा झाडाखाली का थांबू नये, लस टोचल्यावर ताप का येतो. आजीने ‘कळलं नाही रे बाबा’ म्हटलं की पुन्हा सांगायचं. इंग्रजी शब्द आला की अडवायचं, पण हसत हसत. ज्याला धडा खरोखर समजलाय, त्यालाच तो सोपा करून सांगता येतो. म्हणजे उजळणीही होते आणि आजीचा वेळही बरा जातो.

पेटी, तबला, चित्रकला यांचं म्हणाल, तर क्लास रोजचा असेल तर आठवड्यातून एकदा करा, पण दार बंद करू नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, दहावीला वाढीव गुण पदरात पडले, की रंगपेटी माळ्यावर जाते. हे बघून मला नेहमी हळहळ वाटते. जीवशास्त्राच्या आकृत्या काय, इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काय, हात आणि डोळा तयार असलेल्याला ती सोपीच जातात. आणि दिवसभर एम.सी.क्यू. सोडवून शिणलेल्या जिवाला अर्धा तास सुरात बसता आलं, तर त्याची झोपसुद्धा सुधारते.

लातूर, कोटा किंवा पुण्याला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी एक वेगळा उपाय. फोन रोज होतो, पण त्यावर ‘जेवलीस का’ आणि ‘टेस्टला किती पडले’ याखेरीज काही बोलणं होत नाही. त्याऐवजी रविवारी एक पानभर पत्र लिहायला सांगा. अट एकच, त्यात मार्क लिहायचे नाहीत. खोलीतली मैत्रीण, मेसची भाजी, खिडकीतून दिसणारं झाड, आलेलं रडू, काहीही. तुम्हीही उलट पत्र पाठवा. एकटं पडलेलं मूल मनातलं शब्दांत मांडू शकलं, तर आपल्याला वेळीच कळतं. त्याला शब्दच सापडले नाहीत, तर ते आतल्या आत कोंडतं. हे फक्त भाषेच्या गुणांसाठी सांगत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि बारावीनंतर पदवीला जेव्हा शाखेबाहेरचा विषय निवडायची वेळ येईल, तेव्हा ‘सोपा कुठला’ हे मैत्रिणीला विचारून टिकमार्क करू नये. इंजिनिअर होणाऱ्याने अर्थशास्त्र, डॉक्टरीच्या वाटेला असणाऱ्याने मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राची चांगली पुस्तकं, संगणकवाल्याने इतिहास नाहीतर तत्त्वज्ञान. आता यंत्रंसुद्धा प्रोग्राम लिहू लागली आहेत. काय लिहून हवं आहे आणि जे लिहिलं ते बरोबर आहे का, हे ठरवणारा माणूस मात्र लागणारच आहे.

आर्ट्सच्या मुलींनो, तुम्हीही ऐका

ही टाळी एका हाताने वाजत नाही. मुलगी आपल्या आवडीने आर्ट्सला गेली, की घरातले म्हणतात, ‘चला, गणिताची कटकट गेली!’ तसं होऊ देऊ नका. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, सगळीकडे आता संख्याशास्त्र लागतं. आणि परीक्षा सोडा, कर्जाचा हप्ता, चक्रवाढ व्याज, विम्याचं पत्रक, ‘दहात एकाला धोका’ म्हणजे नेमका किती, हे रोजच्या आयुष्यात कुणाला सुटलंय? नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करायची नसेल, तर शेकडेवारी यायला हवी. साहित्याच्या मुलीने आपल्या शरीराबद्दलचं विज्ञान वाचलंच पाहिजे. चौरस आहार म्हणजे फक्त वरण-भात नव्हे आणि फक्त कोशिंबीरही नव्हे, हे आपण पानात वाढताना कधी विसरत नाही. शिक्षणाच्या बाबतीत का विसरावं?

आणि ताई, तुमच्यासाठी

तुम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालात. म्हणजे एखादी गोष्ट कुणी सांगितली, का सांगितली, त्याला पुरावा काय, दुसरी बाजू काय म्हणते, हे तपासायला शिकलात. डॉक्टरला पेशंटची हकीकत ऐकताना नेमकं हेच करावं लागतं. तुमच्या मुलीला क्लास जीवशास्त्र शिकवील, पण ही नजर तिला घरातूनच मिळणार आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांची काळजीही खोटी नाही. नीटच्या प्रवेशाचे नियम एका कागदावर लिहा, मुलीला शेजारी बसवा आणि आय.टी.च्या मार्कांनी खरंच फरक पडतो का, हे तिघांनी मिळून बघा. मुलीचं मन आय.टी.कडे असेल, तर तेही ऐका. पण वाचनालयाची वर्गणी चालू ठेवा म्हणावं. महिन्याला कितीशी असते ती! क्लासच्या फीपुढे तर हिशेबातही येणार नाही. आणि ती वर्गणी मुलीच्या नावाने नाही, तुमच्या नावाने भरा. आई वाचताना दिसली, तर मुलीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

अर्ज भरायची मुदत जवळ आलेली असते, तेव्हा चर्चा उद्यावर ढकलू नका. पुढच्या चहाला स्वयंपाकघराच्या दारात उभं न राहता खुर्ची ओढून बसा आणि तुमचं म्हणणं मांडा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-धान्य कसं टिकवायचं आणि पापड-कुरडयांचे डबे कसे बंद करायचे, ते पाहू. तोवर तुमच्या घरचा फॉर्म कसा भरला, ते जरूर कळवा.